पाहिजे : दुपारी दोन ते सहा

एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर मी ३१ वर्षं काढली. अलीकडे मी, पलीकडे पुणं. माणसं आपापली अडचण कागदावर उतरवून आणायची आणि मी पेन्सिलीनं शब्द मोजून तिची किंमत सांगायचो. 'आमचे येथे लहान मुलास सांभाळण्यासाठी एका प्रेमळ व प्रामाणिक बाईची आवश्यकता आहे' असा मजकूर आला की माझी पेन्सिल आपोआप चालू लागायची. 'आमचे येथे' पहिल्यांदा उडायचं. शेजाऱ्यांच्या येथे बाई हवी म्हणून पदरचे पैसे कोण घालवेल? मग 'एका' जायचं. वर 'पाहिजे' असा मथळा असायचाच, त्यामुळे 'आवश्यकता आहे'ची आवश्यकता नसायची. शेवटी उरायचं, 'मूल सांभाळण्यास प्रेमळ, प्रामाणिक बाई. समक्ष भेटा.' यातला अजून एक शब्द कमी केला तर दर खालच्या टप्प्यात बसेल, असं सांगितलं की गिऱ्हाईक क्षणभर विचार करून 'प्रेमळ'वर बोट ठेवायचं. 'प्रामाणिक' मात्र कुणी सोडत नसे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे निवृत्तीनंतर आठ वर्षांनी मला स्वतःलाच तशी जाहिरात द्यायची वेळ आली. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली. चांगलंच झालं. पण २६ आठवडे संपतात त्या सुमारास मूल नेमकं पालथं पडून पुढे सरकायला लागलेलं असतं, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालून तपासत असतं. ज्यानं कोणी तो आकडा काढला त्यानं कॅलेंडर बघितलं असेल, मूल बघितलेलं दिसत नाही.

पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असंही त्याच दुरुस्तीत आहे आणि लेकीच्या कंपनीत ते आहेही. पण कंपनी हिंजवडीत आणि आम्ही कोथरूडला. सात महिन्यांच्या नातीनं रोज दोनदा चांदणी चौक बघावा, एवढं तिचं काही वाईट झालेलं नव्हतं. सकाळ लेक-जावई वाटून घेणार होते, संध्याकाळ आणि रात्रही त्यांचीच. दिवसाच्या मधोमध एक भगदाड राहत होतं, दुपारी दोन ते सहा.

'आजी-आजोबा आहेत की घरात,' असं तुम्ही म्हणाल. सोसायटीतल्या झाडून सगळ्यांनी म्हणून झालंय. आजीचं उत्तर तयार होतं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. तीन महिन्यांची लेक सासूच्या पदरात टाकून ती फळ्यासमोर उभी राहिलेली आहे. आता एका गुडघ्यात धातू आहे आणि दुसरा रांगेत आहे. ती म्हणाली, "मी एक वाढवली. त्याचं पेन्शन मागितलं नाही, पण एक्स्टेन्शनही घेणार नाही." राहिले आजोबा. मी नातीला वीस मिनिटं उत्तम सांभाळतो. एकविसाव्या मिनिटाला तिला काहीतरी हवं असतं आणि ते काय, हे मला कळत नाही. लेकीच्या वेळीही कळत नव्हतं, पण तेव्हा ते कळावं अशी बापाकडून कुणाची अपेक्षाच नसायची. लंगोट बदलण्याच्या वेळी पेपर वाचण्याची माझ्या पिढीची जी हातोटी होती, ती काही वयानुसार गेली नाही.

तेव्हा लेकीनं निर्णय दिला : "बाबा, तुम्ही जाहिरातीतले. बाई तुम्ही शोधा. ऑनलाइन."

ऑनलाइन जाहिरातीत शब्द मोजत नाहीत, हा पहिला धक्का. हवं तेवढं लिहा, फुकट. ज्याच्या हातात आयुष्यभर पट्टी होती त्याला अमर्याद कापड दिल्यावर जे होतं ते माझं झालं. दोन तास बसून मी एक शब्द लिहिला, तो म्हणजे 'पाहिजे'. दुसरा धक्का वर्गवारीचा. आमच्याकडे 'पाहिजेत', 'विकणे', 'भाड्याने देणे', 'हरवले आहे' अशी सरळ खाती होती. इथे मूल सांभाळणाऱ्या बाईचं खातं ड्रायव्हर आणि कुत्र्याला शिस्त लावणारा यांच्या मधोमध होतं. आणि तिसरा धक्का मराठीचा. त्या स्थळावर भाषा बदलायची सोय होती. मी अभिमानानं मराठी निवडली, तर समोर आलं, 'आपल्या जवळील बाळ बसणारे'. बराच वेळ मला वाटलं, बसायला लागलेल्या बाळांची यादी आहे. मग लक्षात आलं, 'बेबीसिटर'चं यंत्रानं केलेलं मराठी आहे. बाळावर बसणारी बाई आम्हाला नको होती, म्हणून मी पुन्हा इंग्रजीकडे वळलो. मराठीसाठी एवढा त्याग पुरे.

पण मग तिला म्हणायचं काय? 'नॅनी' म्हटलं की हॅट घातलेली कोणीतरी डोळ्यांपुढे येते. 'दाई' म्हटलं तर पन्ना दाई, म्हणजे अपेक्षा फारच वाढतात. 'मोलकरीण' तर नाहीच. 'आया' हा शब्द शाळा-दवाखान्यांमुळे चांगला रुळलेला. त्याच्या मागे लागून मी एका रात्री दीड वाजेपर्यंत मोबाइलवर भटकलो. (नात जागी होतीच.) कळलं ते असं की हा शब्द पोर्तुगीजांचा, त्यांच्याकडे मुलं सांभाळणारी ती 'आइआ'. गंमत म्हणजे 'पगार' त्यांचाच, 'चावी' त्यांचीच, मुलाच्या चार वाजताच्या खाण्यातला 'पाव'ही त्यांचाच. म्हणजे आयेला चावी द्यायची, पगार ठरवायचा, पाव कुठे ठेवलाय ते दाखवायचं, हा सगळा व्यवहार पोर्तुगीजमध्ये. आपला शब्द त्यात एकच, सांभाळणं. आणि परक्यांचा तो शब्द मराठीत आला तेव्हा त्याला काय मिळालं बघा. मराठीत 'आई'चं अनेकवचन आधीपासूनच 'आया' होतं. वसईत किंवा गोव्यात उतरलेल्या त्या शब्दाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याला घर सापडलं एवढं खरं.

त्याच रात्री आणखी एक सापडलं. इंग्रजांच्या राज्यात मायदेशी परतणारी साहेबाची कुटुंबं बोटीवर मुलं सांभाळायला इथल्या आया घेऊन जायची. लंडनला पोचल्यावर काम संपलं. काहींना परतीचं तिकीटही न देता तिथेच सोडलं जाई. त्यांच्यासाठी लंडनच्या हॅकनी भागात एक निवारा होता. १९०० पासून २० वर्षांहून अधिक काळ तो २६, किंग एडवर्ड्स रोड या पत्त्यावर होता. २०२२ साली त्या घरावर स्मृतीची निळी पाटी लागली. या बायका हिंदुस्थानात परतणारं एखादं कुटुंब मिळतंय का ते बघत बसायच्या, आणि त्यासाठी वर्तमानपत्रांत छोट्या जाहिराती यायच्या. मी मोबाइल खाली ठेवला. माझ्या धंद्यात मी फक्त 'बाई पाहिजे'वाल्यांना ओळखत होतो. 'घरी जायचंय, मूल सांभाळत नेईन' असं सांगणारी बाई माझ्या खिडकीवर कधी आली नव्हती. आली असती तर मी तिचेही शब्द मोजले असते.

जाहिरात टाकली रात्री नऊला. नऊ वाजून सात मिनिटांनी फोन सुरू झाले. दोन दिवसांत छत्तीस. त्यात काम करू इच्छिणारी बाई एकही नाही. दोन विमेवाले, एक नर्सरी (वय सात महिने सांगितल्यावर 'प्रवेश आत्ताच करून ठेवा' म्हणाली), आणि 'दोन ते सहाच का, एक ते पाच का नाही' एवढंच विचारायला फोन केलेले एक गृहस्थ. ते नक्की सदाशिव पेठेतले असावेत. बाकी सगळे ब्युरो. आम्ही छापायचो तेव्हा खाली 'एजंट क्षमस्व' असे दोन शब्द टाकले की माणूस सुटायचा. यात एजंटानं आपल्याला क्षमा करायची असते की आपण त्याला, हे मला ३१ वर्षांत कुणी विचारलं नाही. पण एजंट मात्र मुकाट क्षमा करायचे. ऑनलाइन एजंट क्षमाशील नाहीत.

"सर, जपा चाहिए या नॅनी?" पहिल्या ब्युरोतल्या मुलीनं विचारलं.

"जपाच," मी म्हणालो. "जपण्यासाठीच तर पाहिजे."

"बेबी कितने दिन का है?"

"सात महिन्यांचं."

"फिर जपा क्यूं, सर?" तिचा आवाज काळजीचा झाला. उत्तरेकडे बाळंतपणानंतरच्या दिवसांना 'जापा' म्हणतात आणि बाळ-बाळंतिणीचं करते ती जापावाली. त्याचं पुण्यात येईतो 'जपा मेड' झालं. मराठी माणसाला ते ऐकून उगाच धीर येतो. नॅनी म्हणजे काय, हेही तिनं समजावलं. मला समजलं ते इतकंच की मावशीला इंग्रजी रंग शिकवता आले की ती नॅनी होते आणि दर दुप्पट होतो.

ब्युरोचा हिशोब सोपा. एक महिन्याचा पगार कमिशन, तोही आधी. त्या बदल्यात तीन महिन्यांत दोन 'रिप्लेसमेंट'. हा शब्द मी यापूर्वी बायकोच्या गुडघ्याच्या संदर्भातच ऐकला होता. पैसे भरले. एक अतिशय चांगली बाई आली, दोन दिवस आली. नात तिच्याकडे जायला लागली आणि तिसऱ्या दिवशी तिच्याऐवजी दुसरीच दारात. पहिलीला ब्युरोनं बारा हजारांचा पगार देणाऱ्या घरी हलवलं होतं. मी फोन केला, तर पलीकडून अत्यंत नम्रपणे सांगण्यात आलं की आपली एक रिप्लेसमेंट वापरली गेलेली आहे. त्या ब्युरोचं नाव सांगत नाही. अशी नावं लक्षात ठेवण्यात रक्तदाब वाढतो.

मग मी फोटोंच्या यादीकडे वळलो. प्रत्येक बाईपुढे तारे. कुणाला ४.३, कुणाला ३.८. खाली अभिप्राय, 'वेळेवर येते', 'फोनवर बोलते', 'चहा जास्त पिते'. आमच्या आईनं लेकीला चार वर्षं सांभाळली. ती शांता शेळके यांच्या कवितांपासून थेट शिव्यांपर्यंत सगळं त्या पोरीला ऐकवायची, दुपारी तिला मांडीवर आडवी टाकून स्वतः आधी घोरायची आणि ताप आला की डॉक्टरच्या आधी दृष्ट काढायची. तिला तीनाच्या वर तारे मिळाले नसते. आणि गाळण्या तरी किती! वय, भाषा, गाव, शाकाहारी की मांसाहारी. काहींनी याच्याही पुढे जाऊन 'आमच्यातली' हवी असं लिहिलं होतं. कागदाच्या काळात लोक ते सरळ जातीच्या नावानं लिहायचे आणि मी तो एक शब्द धरायचो, इतर शब्दांसारखाच. त्याला निदान जास्तीचा दर लावायला हवा होता, असं आता वाटतं.

आठव्या-नवव्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मी सतत आमच्या बाजूच्या खात्यात हिंडत होतो. पलीकडे 'काम पाहिजे' असं एक खातं होतं, ओस पडलेलं. तिथे फोटो नाही, तारे नाहीत, अशी एक जाहिरात होती :

'मुल संभाळीन. माझे दोन मोठे केले. रात्री नाही. किश्किंदा नगर पासुन चालत येइन.'

तेरा शब्द, पाच चुका. माझा हात पेन्सिलीकडे गेला. 'मूल' दीर्घ, 'सांभाळीन'वर काना, किष्किंधेचा तर मारुतीलाही पत्ता लागला नसता, 'पासून' जोडून आणि दीर्घ, 'येईन' दीर्घ. चुका दुरुस्त झाल्या. मग सवयीनं शब्द कमी करायला घेतले आणि पेन्सिल अडली. एकही उडवता येईना. अनुभव किती, तर दोन. अट कोणती, तर रात्री नाही. वेळेवर येणार का, तर चालत येणार, म्हणजे बस चुकण्याचा प्रश्न नाही. 'प्रामाणिक' नाही, 'गरजू' नाही, 'होतकरू' नाही. ३१ वर्षांत माझ्या खिडकीवर असा मजकूर आला नव्हता.

मी फोन लावला. एका मुलानं उचलला. ("आईचीच जाहिरात आहे. मी टाकलीय." पाच चुकांचा धनी सापडला.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माय-लेक आले.

लेकीनं एक्सेलमध्ये तेवीस प्रश्न काढून ठेवले होते. पण पहिला प्रश्न पलीकडून आला.

"घरात बाईमाणूस कोण असतंय दुपारचं?"

आजी आतून बाहेर आली. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग म्हणाल्या, "काका, तुमचं आधार दाखवा की."

आम्ही त्यांचं आधार मागणार होतो. पोलिसांकडच्या नोंदणीचा कागदही काढून ठेवला होता. आपणही कुणाला तरी अनोळखी आहोत, हे त्या कागदात कुठे लिहिलेलं नव्हतं. मुलानं माझ्या आधारचा फोटो काढला, दारावरच्या पाटीचा काढला आणि दोन्ही कुणाला तरी पाठवले. "मावशीला," तो म्हणाला. "आई कुठं कामाला आहे ते माहीत पाहिजे ना कुणाला तरी." माझ्या त्या आधारावरच्या फोटोकडे पाहून नोकरी नाकारली असती तरी मी रागावलो नसतो.

मग तेवीस प्रश्न.

"बाळ सतत रडत राहिलं तर तुम्ही काय कराल?"

"कशानं रडायलंय ते बघायचं."

लेकीनं पुढे काही रकाना आहे का ते पाहिलं. नव्हता.

"स्क्रीन टाइमबद्दल तुमचं काय मत आहे? म्हणजे मोबाइल, टीव्ही..."

"तुमच्यात टीव्ही किती वेळ असतो?"

आजी पाणी आणायला आत गेली. सातव्या प्रश्नानंतर लेकीनं लॅपटॉप मिटला, कारण नात सरपटत जाऊन बाईंच्या चपलेचा पट्टा चाखत होती आणि बाईंनी तिला एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं तिच्या तोंडातला पट्टा काढून तिच्या हातात स्वतःची बांगडी देऊनही टाकली होती. हे सगळं आमच्याकडे बघत बोलता बोलता. त्या मूळच्या लातूरकडच्या, नवऱ्याच्या गवंडीकामापायी वीस वर्षांपूर्वी पुण्यात आलेल्या.

अटी त्यांनीच सांगितल्या. नऊ हजार. रविवार नाही. शिवाय महिन्याला दोन सुट्ट्या, दिवाळीला एक पगार. आणि लाडकी बहीणची केवायसी राहिलीय, सर्व्हर चालू असेल त्या दिवशी अर्धा दिवस.

'महिन्याला दोन सुट्ट्या' म्हटल्यावर मी एकदम १९८० सालात गेलो. त्या वर्षी पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता. आमच्या कर्वे रस्त्याच्या बाजूला तर त्याची घरोघरी चर्चा. त्यातूनच पुढे त्यांची संघटना उभी राहिली. मी तेवीस वर्षांचा होतो. पगारवाढ आणि सुट्टी, एवढंच तर त्यांचं म्हणणं होतं. आमची आई मोरीत भांडी घासता घासता म्हणाली होती, "त्यांना सुट्टी पाहिजे? मला कोण देतं?" प्रश्न बरोबर होता, फक्त विचारणारी चुकीच्या बाजूला बसलेली होती. की चुकीच्या बाजूला मी होतो? मी पलंगावर पेपर वाचत होतो आणि त्यात संपाचीच बातमी होती. पुढे २००८ साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदासुद्धा झाला. पण महिन्याच्या त्या दोन सुट्ट्या बायका अजून दर घरी नव्यानं मागतात, आणि घरोघरी आमच्यासारखे लोक दर वेळी नव्यानं दचकतात.

"तुमची मुलं लहान होती तेव्हा कोण सांभाळायचं?" हा प्रश्न एक्सेलमध्ये नव्हता. आजीनं विचारला.

"जाऊ होती. ती गावाकडं गेल्यावर कडी लावून जायचे. तासात दोन घरं करायची अन् पळत यायचं." हे त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मुलगा मोबाइल बघत होता. नात बांगडी चावत होती. लेक म्हणाली, "उद्यापासून याल?"

ती कडी माझ्या डोक्यातून जाईना. साताऱ्याला जाताना कापूरहोळ लागतं. लोक तिथे बालाजीच्या देवळाकडे वळतात. त्या गावची धाराऊ गाडे ही संभाजीराजांची दूधआई. १६५७ साली पुरंदरावर राजांचा जन्म झाला आणि सईबाईंची प्रकृती ठीक नव्हती म्हणून धाराऊ गडावर आली. हे आपण शाळेपासून ऐकतो. तिला स्वतःचे मुलगे होते, अंतोजी आणि रायाजी, पुढे ते राजांच्या सेवेत राहिले, हेही ऐकतो. पण आई गडावर गेली त्या रात्री घरी त्यांना कुणी थोपटलं, हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. परवा गाडी कापूरहोळला थांबली तेव्हा सुचलं आणि चहा तसाच गार झाला.

जावयांनी कॅमेरा बसवला. यात त्यांचा काही संशय वगैरे नव्हता. अशी यंत्रं विकत घेण्याची त्यांना हौस आहे. मावशींनी (नातीची म्हणून आता आमचीही मावशी, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असली तरी) पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहिलं, "यातनं दादा बघतात काय?" म्हणून खात्री करून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा इंटरकॉम केला. "दादा, येताना केळी आणा." "दादा, खिमटीचं सामान संपत आलंय." एकदा जावई मीटिंगमध्ये असताना चुकून आवाज चालू राहिला आणि समोरच्या अमेरिकन साहेबाला कोथरूडहून स्पष्ट निरोप गेला : "दादा, दूध फाटलं!" साहेबानं तो प्रकल्पाविषयीचा इशारा समजून नोंद करून घेतली म्हणतात. त्या कॅमेऱ्यानं एकच चोरी पकडली. दुपारी साडेतीनला स्वयंपाकघरात 'व्यक्ती आढळली' असा संदेश तीन दिवस सतत गेला आणि चौथ्या दिवशी आजीनं नारळाच्या वड्यांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मला साखर वर्ज्य आहे.

सगळं सुरळीत झालं. एवढं सुरळीत की एका संध्याकाळी सहाला लेक दारातून आत आली, हात पुढे केले आणि नातीनं तोंड फिरवून मावशींच्या खांद्यात खुपसलं. मावशी चटकन म्हणाल्या, "झोपेत हाय ती अजून." नात टक्क जागी होती. लेक हसली आणि हात धुवायला गेली. हात धुवायला तिनं जरा जास्तच वेळ लावला. नळ बराच वेळ चालू होता. बाई शोधताना आम्ही सगळे एकच घोकत होतो, बाळाला लळा लागेल अशी मिळू दे. लागला. आता तो किती लागावा, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मावशींनी दुसऱ्या दिवसापासून एक केलं. पावणेसहाला त्या नातीला घेऊन गॅलरीत उभ्या राहतात आणि फाटकातून आत येणाऱ्या गाडीकडे बोट दाखवत राहतात, "आई बघ, आई. आली, आली." सहा वाजता आई दारात येईतो पोरीनं पंधरा मिनिटं तिची वाट पाहिलेली असते. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आमच्या एक्सेलमध्ये तर नक्कीच नव्हतं.

आता नात दीड वर्षाची आहे आणि बोलते. तिचं पहिलं अख्खं वाक्य गॅलरीतूनच आलं : "चिऊ उडायलीय." आजीनं लगेच दुरुस्त केलं, "उडतेय, बाळा. चिऊ उडतेय." नातीनं तिच्याकडे कीव करत पाहिलं आणि निकाल दिला : "उडायलीय." तेव्हापासून आमच्या कोथरूडच्या घरात पाऊस पडायलाय, दूध उतू जायलंय आणि आजी रागवायलीय. लेकीला आता शाळेच्या प्रवेशाची काळजी. सगळे माझ्याकडे बघतात, कारण घरातला शुद्धलेखनाचा दारोगा मी. मी पेन्सिल काढलेली नाही. लातूरहून किष्किंधानगरमार्गे चालत आलेलं क्रियापद आहे ते, त्यावर काट मारणारा मी कोण!

ती जाहिरात मात्र काढायची राहून गेली. फुकटाचं असलं की असंच होतं. आमच्याकडे तीन दिवसांचे पैसे भरले की चौथ्या दिवशी जाहिरात आपोआप मरायची. परवा भरदुपारी पावणेतीनला फोन वाजला. नात नुकतीच झोपली होती. मी कुजबुजलो, "जागा भरली, ताई."

"भरली का..." पलीकडे जरा थांबून ती बाई म्हणाली, "मग कुणाला पाहिजे असली तर सांगाल का? मला ते लिहून टाकता येत नाही मोबाइलवर."

"थांबा," मी म्हणालो. उशीखालची पेन्सिल काढली, दूधवाल्याच्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली. "सांगा. कुठे राहता?"

"सुतारदरा."

"मूल सांभाळायचा अनुभव?"

"भावाची तीन. बहिणीचं एक."

लिहिलं. सवयीनं पुढचा शब्द ओठांवर आला आणि मी तो म्हणत म्हणत लिहायला लागलो, "प्रा-मा-णि-"

"ते नका लिहू काका," मावशी पाळण्यापाशी बसूनच हळू आवाजात म्हणाल्या. "चोरी केलीय का तिनं, आधीच सांगायला?"

मी खोडलं. मग फोनमध्ये विचारलं, "रात्री चालेल का?"

उत्तर येण्याच्या आत पाळण्यातून झोपेनं जड झालेला, पण चांगला ठणठणीत आवाज आला.

"आबा बोलायलेत."